लॅपटॉपचा उजेड कुणासाठी?

ज्याला दिसत नाही त्याने लॅपटॉपची स्क्रीन चालू ठेवावी की बंद, हा प्रश्न डोळस माणसाला पहिल्यांदा ऐकताना निरर्थक वाटतो. दिसतच नाही, तर स्क्रीन उजळलेली असली काय आणि काळी असली काय? पण जरा विचार केला की लक्षात येतं, त्या स्क्रीनवरचा सगळा उजेड एका माणसाला सोडून बाकी सगळ्यांच्या उपयोगाचा आहे, आणि तो एक माणूस म्हणजे लॅपटॉपचा मालक. त्याचं काम कानांनी चालतं. स्क्रीन वाचतात ते आजूबाजूचे. बँकेतली शिल्लक, डॉक्टरांचा रिपोर्ट, नोकरीचा अर्ज, मैत्रिणीला लिहिलेलं पत्र, हे सारं तो स्वतः न पाहता दुसऱ्यांना दाखवत बसलेला असतो. म्हणून स्क्रीन काळी करण्याच्या सोयीकडे बॅटरी वाचवण्याची युक्ती म्हणून पाहणं मला पटत नाही. आपलं काय कुणी पाहावं हे ठरवण्याचा जो हक्क डोळस माणूस नकळत, दिवसभर वापरत असतो, तोच हक्क ही सोय दृष्टिहीन माणसाला मिळवून देते. संगणक शिकवताना ती पहिल्या दिवशी शिकवली पाहिजे.

दृष्टिहीन माणूस लॅपटॉप वापरतो कसा, हे आधी समजून घेऊ. स्क्रीन रीडर नावाचा प्रोग्राम स्क्रीनवरचा मजकूर, बटणं, मेनू बोलून दाखवतो. माउसचा उपयोग जवळजवळ नसतोच. सगळं काम कीबोर्डवरून होतं. भारतात अनेकांच्या लॅपटॉपवर असतो तो एनव्हीडीए. मायकेल करन या दृष्टिहीन ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६ साली तो लिहायला घेतला, पुढे जेम्स टेह हा त्याचा दृष्टिहीन मित्र सोबतीला आला आणि दोघांनी मिळून एनव्ही ॲक्सेस ही ना-नफा संस्था उभी केली. बाजारातले स्क्रीन रीडर हजारो रुपयांचे असताना हा प्रोग्राम फुकट मिळतो, आणि त्याच्यासोबत येणारा ई-स्पीक हा आवाज मराठीही वाचतो. तो आवाज यांत्रिक आहे, पण सरावाने माणसं तो डोळस माणसाच्या वाचनापेक्षाही भरभर ऐकतात. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे ५० लाख ३२ हजार लोकांना पाहण्याची अडचण असल्याची नोंद झाली. महाराष्ट्रात हा आकडा पावणेसहा लाखांच्या जवळ होता. यातले काही पूर्ण अंध, काहींना थोडंफार दिसणारं. थोडं दिसणाऱ्यांतही अनेकांना प्रखर उजेड सोसत नाही, डोळे दुखतात, पाणी येतं. त्यांच्यासाठी तर उजळलेली स्क्रीन हा रोजचा त्रास असतो.

आता हा माणूस मानवतला आहे असं समजू. परभणी जिल्ह्यातलं हे तालुक्याचं गाव, कापसाची बाजारपेठ. इथल्या मध्यमवर्गीय घरात स्वतंत्र अभ्यासाची खोली क्वचितच असते. समोरच्या खोलीतच टीव्ही, तिथेच पाहुणे, तिथेच मुलांचा अभ्यास आणि तिथेच लॅपटॉप. गाव एवढं की माणसं एकमेकांना ओळखतात. कुणाच्या खात्यात किती पैसे आले, कुणी कुठे अर्ज केला, ही माहिती संध्याकाळपर्यंत गल्लीभर होऊ शकते. डोळस माणसाला पाठीमागे कुणी येऊन उभं राहिलं की सावलीवरून, काचेतल्या प्रतिबिंबावरून, डोळ्याच्या कोपऱ्यातून कळतं. तो खिडकी बदलतो, स्क्रीन थोडी खाली करतो, नाहीतर नुसता मागे वळून पाहतो आणि पाहणारा ओशाळतो. दृष्टिहीन माणसाच्या कानांना इअरफोन लागलेले असतात, त्यामुळे पावलांचा आवाजही त्याच्यापर्यंत येत नाही. कुणी पाहत आहे का, हे त्याला कळायला मार्गच नाही. इअरफोनमुळे त्याने आवाज आपल्यापुरता ठेवला खरा, पण तोच मजकूर समोर मोठ्या अक्षरात उघडा पडलेला आहे. पासवर्डच्या जागी ठिपके दिसतात आणि स्क्रीन रीडरही अक्षर न बोलता फक्त चिन्हाचं नाव घेतो, एवढी एक जागा सुरक्षित. ओटीपी, खाते क्रमांक, पत्राचा मजकूर मात्र सरळ अक्षरात दिसतो.

यावर उपाय म्हणून लोक पहिल्यांदा जे करून पाहतात ते बहुतेक अपुरं पडतं. ठरावीक मिनिटांनी स्क्रीन आपोआप बंद होण्याची सोय विंडोजमध्ये आहे, पण कुठलंही बटण दाबलं की ती पुन्हा उजळते, आणि सगळं काम कीबोर्डवर करणाऱ्याला तिचा काडीचा उपयोग नाही. प्रकाश शून्यावर आणला तरी बऱ्याच लॅपटॉपची स्क्रीन पूर्ण काळी होत नाही. अंधाऱ्या खोलीत ती आरामात वाचता येते. विंडोजचं बटण आणि पी एकत्र दाबून ‘फक्त दुसरी स्क्रीन’ हा पर्याय निवडावा, तर दुसरी स्क्रीन जोडलेलीच नसते आणि संगणक तो पर्याय मानत नाही. झाकण मिटल्यावर ‘काहीही करू नको’ असं सेटिंग करून बाहेरचा कीबोर्ड जोडणं हा मार्ग चांगला चालतो. त्यात स्क्रीन खरोखर विझते आणि वीजही वाचते. मात्र एक जादा कीबोर्ड सांभाळावा लागतो, आणि काही लॅपटॉपची गरम हवा कीबोर्डच्या किंवा बिजागरीच्या बाजूने बाहेर पडते. परभणीच्या उन्हाळ्यात पारा ४० च्या वर असताना झाकण मिटून तासन्‌तास काम करण्याआधी आपल्या लॅपटॉपची हवा कुठून निघते हे हाताने चाचपून पाहिलेलं बरं.

खरा उपाय स्क्रीन रीडरच्या आतच आहे. एनव्हीडीएच्या २०१९.३ या आवृत्तीपासून त्यात स्क्रीन कर्टन ही सोय आली. एनव्हीडीएचं बटण, म्हणजे इन्सर्ट किंवा तसं ठरवलं असेल तर कॅप्स लॉक, त्यासोबत कंट्रोल आणि एस्केप दाबलं की स्क्रीन पूर्ण काळी होते. बोलणं, लिहिणं, मेल पाठवणं, सगळं तसंच चालू राहतं. एकदा दाबलं तर एनव्हीडीए पुन्हा सुरू होईपर्यंत काळोख टिकतो. लागोपाठ दोनदा दाबलं तर आपण स्वतः काढेपर्यंत. पहिल्यांदा चालू करताना प्रोग्राम इशारा देऊन विचारतो की स्क्रीन न पाहता तुम्हाला काम जमेल ना. जॉज या जुन्या, विकतच्या स्क्रीन रीडरमध्ये हीच सोय स्क्रीन शेड नावाने आहे: इन्सर्ट आणि स्पेस दाबायचं, मग एफ ११. ॲपलने २००९ साली आयफोन ३जीएसमध्ये व्हॉइसओव्हर हा स्क्रीन रीडर आणला. त्यात तीन बोटांनी तीनदा टकटक केली की स्क्रीन काळी होते. अँड्रॉइडच्या टॉकबॅकमध्येही स्क्रीन लपवण्याचा पर्याय आहे. म्हणजे जगभरच्या प्रमुख स्क्रीन रीडर तयार करणाऱ्यांना, आणि त्यातले कित्येक स्वतः दृष्टिहीन आहेत, ही गरज जाणवली आणि प्रत्येकाने ती आपापल्या परीने पुरी केली. गरज काल्पनिक नाही याचा याहून चांगला पुरावा मला सुचत नाही.

बॅटरीबद्दल गैरसमज आहे, तो इथेच दूर करतो. साध्या एलसीडी स्क्रीनमागे एक दिवा सतत जळत असतो; काळा रंग दाखवताना तो विझत नाही, समोरचे द्रवस्फटिक फक्त त्याचा प्रकाश अडवतात. एनव्हीडीएचं कर्टन विंडोजच्या भिंगाच्या यंत्रणेचा वापर करून सगळे रंग काळे करतं, दिव्याला हात लावत नाही. त्यामुळे अशा लॅपटॉपवर नुसत्या कर्टनने वीज फारशी वाचत नाही. ओलेड स्क्रीनचं वेगळं. तिथे प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, काळा ठिपका म्हणजे विझलेला ठिपका, आणि बचत खरी होते. एलसीडीवर बचत हवी असेल तर कर्टनसोबत प्रकाशही सर्वांत खाली आणायला हवा; तसं केलं की वीज जाण्याच्या दिवसांत चार्ज थोडा जास्त टिकतो. पण काळ्या स्क्रीनची बाजू बॅटरीच्या जोरावर मांडणं चुकीचं आहे. बचत शून्य असती तरी माझं म्हणणं बदललं नसतं.

कारण मुद्दा खासगीपणाचा आहे, आणि या देशात दृष्टिहीनांच्या खासगीपणाचा प्रश्न नवा नाही. बँकेत त्यांना कित्येक वर्षं चेकबुक, एटीएम कार्ड नाकारलं जाई किंवा सोबत साक्षीदार मागितला जाई. २००८ च्या जूनमध्ये रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढून बजावलं की चेकबुक, एटीएम, नेट बँकिंग, लॉकर, कर्ज यांतलं काहीही दृष्टिहीन ग्राहकाला भेदभावाने नाकारता येणार नाही. पुढे बोलती एटीएम आली. नवी यंत्रं बोलणारी आणि ब्रेल कीपॅडची असावीत असा रिझर्व्ह बँकेचा आदेश जुलै २०१४ पासून लागू झाला. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात २००३ साली सुरू झालेल्या झेवियर्स रिसोर्स सेंटर फॉर द व्हिज्युअली चॅलेंज्ड या केंद्राने बोलत्या एटीएमसाठी बरंच काम केलं. एटीएम बोलकं करताना जगभर एक प्रश्न पुढे आला: ग्राहक इअरफोनने ऐकतोय, पण रांगेतले लोक त्याची शिल्लक वाचतात, त्याचं काय? अमेरिकेच्या अपंगत्व कायद्याच्या २०१० च्या मानकांत म्हणूनच स्पष्ट लिहिलं गेलं की आवाज चालू असताना ग्राहकाला इतरांइतकंच खासगीपण मिळालं पाहिजे, आणि स्क्रीन कोरी करण्याची सोय उपयोगी ठरेल. रस्त्यावरच्या एका यंत्रासमोर दोन मिनिटं उभं राहणाऱ्याला जे खासगीपण मिळावं असं आपण मानतो, तेच घरच्या लॅपटॉपवर तीच बँक उघडून बसणाऱ्याला नाकारण्याचं काही कारण उरत नाही.

मतदानाचा दाखलाही पाहण्यासारखा आहे. निवडणूक नियमांतला ४९-एन हा नियम दृष्टिहीन मतदाराला सोबती नेऊ देतो, पण सोबती किमान १८ वर्षांचा हवा, त्याने मत गुप्त ठेवीन असं लिहून द्यायला हवं, आणि एका दिवशी, कुठल्याही केंद्रावर, तो एकाच मतदाराचा सोबती होऊ शकतो. मतयंत्रावर ब्रेल अंकही आहेत, म्हणजे ज्याला जमेल त्याला सोबतीही लागू नये. मदत लागते म्हणून गुप्तता संपली असं कायदा मानत नाही. भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी ज्या संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क कराराला मान्यता दिली, त्याचं २२ वं कलम सांगतं की अपंग व्यक्ती कुठेही, कुणासोबतही राहत असो, तिच्या खासगी जीवनात, घरात, पत्रव्यवहारात मनमानी ढवळाढवळ होता कामा नये. ‘कुणासोबतही राहत असो’ हा भाग मानवतच्या एकत्र कुटुंबाला नेमका लागू पडतो. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपण हा मूलभूत हक्क ठरवला, आणि ३० एप्रिल २०२५ च्या प्रज्ञा प्रसून खटल्याच्या निकालात डिजिटल सेवा वापरता येणं हे घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं सांगितलं. हे दोन निकाल एकत्र वाचले की डिजिटल सेवा वापरता येणं आणि ती खासगीपणे वापरता येणं यांत भेद करता येत नाही, असा माझा निष्कर्ष आहे.

यावर सर्वांत आधी येणारा आक्षेप घरातूनच येतो: आमच्यापासून लपवायचं काय आहे? हा प्रश्न प्रेमापोटी विचारला जातो, हे मान्य. पण घरातल्या कुठल्याच डोळस सज्ञान माणसाला तो विचारला जात नाही. थोरला भाऊ मोबाइल पालथा ठेवतो, वहिनी पाठ वळवून मेसेज वाचते, त्याचा हिशोब कुणी मागत नाही. दृष्टिहीन मुलीने स्क्रीन काळी केली की मात्र शंका येते, आणि मुलींच्या बाबतीत ही शंका मुलांपेक्षा लवकर येते. दिसत नाही म्हणून तिचं वय कमी होत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ऑनलाइन फसवणुकीच्या काळात घरातल्या कुणाला स्क्रीन दिसत असेल तर धोका वेळीच लक्षात येऊ शकतो, असं लोक म्हणतात. पण फसवणूक बहुतेक वेळा फोनवर बोलून, ओटीपी काढून घेऊन होते. ती शेजारच्याच्या नजरेने थांबत नाही. ती थांबते वापरणाऱ्याच्या माहितीने. उलट उघड्या स्क्रीनवरचा ओटीपी आणि खाते क्रमांक वाचून घेणारा जवळचाच कुणी असू शकतो. विश्वासाच्या माणसाला बोलावून स्क्रीन दाखवणं हा वेगळा प्रसंग आहे आणि तो मालकाच्या इच्छेने घडतो.

मदतीचाही मुद्दा निघतो. लॅपटॉप अडकला, आवाज बंद पडला, तर डोळस माणसाला दिसणार कसं? कर्टन एनव्हीडीएच्या आधाराने उभं असतं. एनव्हीडीए बंद झालं की काळोखही जातो आणि स्क्रीन पूर्ववत दिसते. कायमचं लावलेलं असेल तर एनव्हीडीए पुन्हा चालू होताच ते परत येतं, एवढं मदतनिसाला सांगून ठेवावं. परीक्षेबाबत मात्र मी आक्षेप मान्य करतो. संगणकावर परीक्षा देताना पर्यवेक्षकाला स्क्रीन दिसणं हा परीक्षेच्या विश्वासार्हतेचा भाग आहे आणि तिथे कर्टन काढायला सांगणं रास्त आहे. कार्यालयातल्या कामाच्या लॅपटॉपबद्दल तेवढी सवलत मी देणार नाही. साहेबाला काम तपासायचं असेल तर झालेलं काम तपासता येतं, कर्मचाऱ्याच्या मागे उभं राहून स्क्रीन वाचत बसण्याची गरज नसते.

या सोयीच्या मर्यादाही नीट सांगायला हव्यात, कारण त्या आपल्या कार्यालयांच्या सवयींशी जोडलेल्या आहेत. कर्टन लावलेलं असताना स्क्रीनशॉट निघत नाही आणि एनव्हीडीएमधलं, स्क्रीनवर दिसतं ते वाचणारं ओसीआर चालत नाही. जे काळं आहे ते ओसीआरला काळंच दिसतं. आता सरकारी कचेरीतून, बँकेतून, शाळेतून येणारी मराठी पीडीएफ किती वेळा स्कॅन केलेला फोटो असतो ते आठवा. मजकूर अक्षरांच्या रूपात असेल तर स्क्रीन रीडर तो काळोखातही वाचतो. फोटो असेल तर तो ओसीआरशिवाय वाचताच येत नाही, आणि स्क्रीनवरच्या ओसीआरसाठी कर्टन वर करावं लागतं. म्हणजे ज्या कागदात जात प्रमाणपत्राचा, उत्पन्नाचा किंवा आजाराचा तपशील आहे, नेमका तोच उघड्यावर वाचण्याची वेळ येते. फाइल थेट उघडून ओळखणारे दुसरे प्रोग्राम आहेत, पण ते मिळवणं आणि शिकणं हा वाढीव खटाटोप वाचणाऱ्याच्या गळ्यात पडतो. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधल्या फाइलींचीही हीच कथा. स्क्रीन रीडर त्यातून अर्थहीन अक्षरं बोलतो आणि शेवटी कुणालातरी वाचायला बोलवावं लागतं. मजकूर युनिकोडमध्ये टाइप करून तसाच पाठवणं यासाठी कुठल्याही कार्यालयाला जास्तीचा पैसा लागत नाही.

आणखी एक अडचण फक्त दृष्टिहीन माणसालाच पडते: स्क्रीन खरोखर काळी झाली आहे की नाही, हे त्याला पाहून ठरवता येत नाही. त्याला प्रोग्रामच्या शब्दावर विसंबावं लागतं. म्हणून एनव्हीडीएच्या सेटिंगमध्ये कर्टन लागताना आणि निघताना आवाज करण्याचा जो पर्याय आहे, तो चालू ठेवावा. सुरुवातीला एकदा विश्वासाच्या डोळस माणसाकडून खात्री करून घ्यावी. रोज वापरायचं असेल तर दोनदा दाबून कायमचं लावावं, नाहीतर लॅपटॉप पुन्हा सुरू केल्यावर स्क्रीन उजळलेली राहते आणि आपण मात्र काळोख आहे असं धरून चालतो. खोटी सुरक्षितता ही उघड्या स्क्रीनपेक्षा वाईट, कारण तिथे माणूस सावधही राहत नाही.

शिकण्याचा प्रश्न यातूनच येतो. मुंबईत नॅब ही अंधांसाठीची राष्ट्रीय संस्था आहे, १९५२ पासून; पुण्यात कोरेगाव पार्कची अंधशाळा १९३४ पासूनची. मानवतच्या तरुणाला ही शहरं शेकडो किलोमीटर दूर आहेत. त्याच्या गावात, तालुक्यात जे असतं ते एमएस-सीआयटीचं केंद्र. २००१ पासून या अभ्यासक्रमाने महाराष्ट्राच्या तालुक्यातालुक्यांत संगणक पोचवला, ही मोठी गोष्ट आहे. अशा केंद्रात एखादा दृष्टिहीन विद्यार्थी आला तर शिक्षकाने एनव्हीडीए उतरवून द्यावं, मराठी आवाज लावून द्यावा आणि माउसविना मेनू कसे उघडायचे हे दाखवण्याआधी स्क्रीन काळी कशी करायची ते दाखवावं. यात शिक्षकाची अडचण खरी आहे: काळ्या स्क्रीनवर विद्यार्थी काय करतो ते त्याला दिसणार नाही. त्यासाठी लॅपटॉपचा आवाज स्पीकरवर ठेवून दोघांनी ऐकत शिकावं, आणि शिक्षकाला पाहायचंच असेल तेव्हा विचारून कर्टन काढावं. विचारण्याची ही सवय शिक्षकाला लागली तर विद्यार्थ्याला त्या तीन बटणांपेक्षा मोठं काही मिळालेलं असेल.

दुरुस्तीच्या दुकानदारांनाही एक सांगायचं आहे. स्क्रीन फुटलेला किंवा डिस्प्ले गेलेला लॅपटॉप भंगाराच्या भावात जातो, पण बाकी भाग धडधाकट असतील तर दृष्टिहीन माणसाचं सगळं काम त्यावर होतं. विंडोज बसवताना कंट्रोल, विंडोज आणि एंटर दाबलं की नॅरेटर हा विंडोजचाच स्क्रीन रीडर बोलू लागतो. अडलंच तर दुकानातला मॉनिटर तासभर जोडून सुरुवातीची जुळवाजुळव करता येते. घरच्या तुटपुंज्या पैशांत शिकणाऱ्या मुलासाठी नवा लॅपटॉप आणि असा लॅपटॉप यांच्या किमतीतला फरक एखाद्या वर्षाच्या फीइतका असू शकतो. असा लॅपटॉप दुकानात आला तर तो फेकण्याआधी गावात कुणाला हवा आहे का, एवढी चौकशी करावी.